डाव्या वाटीचा आवाज

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

हरलो. समोरून येऊन कोणी हरवले असते तर मिशीवर हात फिरवून त्याचे अभिनंदन केले असते. पण हे लोक डाव्या अंगाने आले, बुरुजाच्या पायऱ्या चढले आणि माझ्या पहारेकऱ्याला लोळवून गेले. मला चाहूलसुद्धा लागली नाही.

"आबा, लेफ्ट! लेफ्ट! इतके जोरात पाय वाजत होते त्यांचे!" मैत्री कॅनडातून ओरडत होती.

"काही वाजत नव्हते," मी म्हटले. "वाजले असते तर मी ऐकले असते."

मैत्री माझी नात. वय चौदा. दोन वर्षांपूर्वी ती, तिची आई प्रियदर्शनी आणि जावईबापू टोरांटोला गेले, तेव्हा त्यांची तीन खेळयंत्रे आमच्या नारायण पेठेतल्या हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवून गेले. एक पांढरे प्लेस्टेशन, एक काळे एक्सबॉक्स आणि एक चिमुकले स्विच. "बाबा, फक्त धूळ पुसत जा," प्रियदर्शनी म्हणाली होती. मी आठवडाभर पुसली. मग वाटले, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांच्या धरणांची कागदपत्रे सांभाळण्यात गेली, आता एखादे दार आपल्या हाताने उघडून पाहावे. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, आजोबा आणि नात धुक्यातल्या बुरुजावर पहारा देतात.

फोनवर मैत्री दोनच वाक्ये बोलते. जेवले, बरी आहे. बुरुजावर मात्र सगळे सांगते. डबा उघडल्यावर कोण हसले, कुठल्या मैत्रिणीने बोलणे टाकले, झोप का लागत नाही. शत्रू येईपर्यंत वेळच वेळ असतो. त्या वेळात मी तिला आमच्या वर्धेकडच्या शाळेतले म्हणणे शिकवले आहे. आमचे गुरुजी कविता स्वतःच रचत आणि वर्गाच्या दोन रांगांना वाटून देत. डावी रांग विचारायची, उजवीने उत्तर द्यायचे.

कोण येते डोंगरातुन?
मीच येतो, वारा!
काय आणले ओंजळीतुन?
धूळ, पाने, तारा!

मी उजव्या रांगेतला. आजही उत्तर ओठांवर तयार असते. मैत्री डावी रांग होते, रांगेला ती 'रो' म्हणते. तिच्या जिभेवरचा ळ आता अडखळतो, पण चाल पक्की आहे.

तर आजची खरी बातमी. मैत्रीच्या शाळेतल्या खेळांच्या मंडळाने आपल्या ९ नोव्हेंबरच्या सकाळी स्पर्धा ठेवली आहे. एक विद्यार्थी आणि त्याचे आजी किंवा आजोबा अशी जोडी. तीन फेऱ्या, तीन यंत्रांवर. स्विचवर होड्या, एक्सबॉक्सवर मोटारी, शेवटी प्लेस्टेशनवर बुरूज. मैत्रीने माझे नाव दिले आहे.

लगेच प्रियदर्शनी मध्ये आली. "बाबा, तुमच्या टीव्हीच्या आवाजाने आम्हाला आमचंच बोलणं परत ऐकू येतं. हेडसेट घ्या. बिनवायरचा. आणि त्याआधी कान दाखवून या."

"कान माझे जागेवर आहेत."

"मैत्री काय विचारते आणि तुम्ही काय उत्तर देता, ऐकलंय मी."

मैत्री हळूच म्हणाली, "आबा, माझ्या वर्गातल्या तनुजाकडे दोन आजोबा आहेत. एक स्पेअर आहे. म्हणजे, लागलाच तर."

स्पेअर! जणू मी स्कूटरचे चाक आहे.


१४ ऑक्टोबर

कसबा पेठेत चालत गेलो. बोळात उत्तरेश्वर नावाच्या गृहस्थांचे दुकान आहे. धाराशिवकडचे, पन्नाशीचे, चेहरा कायम नुकतेच झोपेतून उठल्यासारखा. भिंतीवर पाटी: 'हेडसेट लावून गाऊ नये.'

मी सांगितले, यंत्रे तीन, डोके एक.

ते म्हणाले, "काका, डोक्याचा प्रश्न नाही. एक्सबॉक्स हट्टी असतं. बाकीच्या दोघांना चालणारा हेडसेट त्याला चालंलच असं नाही. तिन्हींचा पाहिजे तर जरा थांबावं लागंल, मागवतो."

मला थांबवत नव्हते. खोक्यावर एवढ्या यंत्रांची चित्रे होती की एक्सबॉक्सही त्यात कुठेतरी असेलच असे मी धरले. घेतला. लावून पाहताना सवयीने 'मीच येतो, वारा' निघून गेले. उत्तरेश्वरांनी बोलता बोलता पाटीकडे बोट दाखवले.

कानांवर बसणाऱ्या त्या दोन गोल गाद्यांना मी वाट्या म्हणतो. घरी बायकोने, यमुनाने, पाहिले आणि म्हणाली, "शोभतं. विमान कुठं उतरवणार?"


१७ ऑक्टोबर

उत्तरेश्वर बरोबर होते, हे लिहिताना त्रास होतो.

हेडसेटबरोबर बोटाच्या पेराएवढा तुकडा येतो, त्याला डोंगल म्हणतात. तो यंत्रात खुपसायचा, की यंत्र आणि हेडसेट हवेतून बोलू लागतात. प्लेस्टेशनने पाहुणा लगेच ओळखला. स्विचने जरा आढेवेढे घेतले, मग ओळखला. एक्सबॉक्सने ढुंकूनही पाहिले नाही. काढला, घातला, फुंकर मारली. यमुना पलीकडून म्हणाली, "हात जोडून बघा."

यमुना हल्ली नेहमी माझ्या उजवीकडेच बसते. पूर्वी तिची जागा डावीकडे, खिडकीशी होती. पलंगावरही बाजू बदलून घेतली. पंख्याचा वारा लागतो म्हणे. वयाबरोबर माणसाला वारा सोसत नाही.

हेडसेट परत करायला निघालो. ती म्हणाली, "उद्या जा, आज वसुबारस आहे, दुकानदाराला सण साजरा करू दे." मी आजच गेलो.


२१ ऑक्टोबर

दिवाळीत यंदा फटाके फारच कमी वाजले. खिडकीशी डावा हात टेकून बराच वेळ बसलो होतो, पण गेल्या वर्षीसारखा धुडगूस नाही. पुणेकर सुधारले, असे यमुनाला म्हटले.

"हो, फार सुधारले," ती म्हणाली आणि उठून खिडकी लावून घेतली.


२४ ऑक्टोबर

नवा हेडसेट आला. हा तिन्ही यंत्रांचा. त्याच्या डोंगलवर एक इवलीशी कळ आहे. एका बाजूला सरकवली की एक्सबॉक्स, दुसऱ्या बाजूला बाकीचे दोघे. वाटीवरचे बटण दाबून धरले की आत टुण् होते आणि दिवा लागतो. मग यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरून आवाज टीव्हीतून न काढता हेडसेटमध्ये काढ असे सांगायचे. वाटीच्या कडेला एक चाक आहे. त्याने खेळाचा आवाज मंद आणि मैत्रीचा मोठा करता येतो. हे चाक ज्याने शोधले त्याला नात असणार.

तीनही यंत्रे चालली. सगळी दुपार त्यात गेली. गुरुजी असते तर पाठ थोपटली असती.

फक्त डावी वाटी मेलेली आहे. अगदीच मेलेली म्हणता येणार नाही, खोल विहिरीत कोणी कुजबुजावे तसे काहीतरी येते. उजवी मात्र खणखणीत. नव्या मालाचा हा दर्जा. उद्या बदलून आणतो.


२६ ऑक्टोबर, रविवार

बदलून आणलेल्याचीही डावी वाटी तशीच. हे आता लक्षात राहील असे प्रकरण झाले आहे.

सराव वाईट झाला. डावीकडून आले, दोनदा. दुसऱ्यांदा तर मैत्री पलीकडच्या बुरुजावरून "कोण येते डोंगरातुन" म्हणत मला सावध करत होती, असे ती म्हणते. मी ते ऐकले नाही. खेळाच्या पावलांचा आवाज आणि तिचा आवाज दोन्ही डावीकडूनच येत होते म्हणे. मग येणार कसे? वाटीच बिघडलेली!

मैत्री चिडली नाही. चिडली असती तर बरे. ती म्हणाली, "इट्स ओके, आबा." बुरुजावर आम्ही दोघे धुके बघत बसलो. तिने काहीही सांगितले नाही, ना शाळेचे, ना डब्याचे.

मग प्रियदर्शनी. "बाबा, मी स्पष्ट बोलते. पुढच्या रविवारी जमलं नाही तर मैत्री तनुजाच्या आजोबांचं नाव देणार. आणि रविवारी तुम्ही दोघं आपलं व्हिडिओ कॉलवर बोला. तिला ताण येतोय. तीच तीच गोष्ट ओरडून सांगायची. मी इथल्याच पोर्टलवरून तुमची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, मंगळवारी."

"रद्द कर."

"बाबा!"

"बिघडले आहे ते दुकानात जाईल. मी कशाला दवाखान्यात जाऊ?"

व्हिडिओ कॉल मला माहीत आहे. जेवले, बरी आहे, आजीला दे. ते मी होऊ देणार नाही.


२८ ऑक्टोबर

ज्या मंगळवारी डॉक्टरकडे जायचे होते त्या मंगळवारी मी कसब्यात गेलो.

"काका, हा तिसरा पीस," उत्तरेश्वर म्हणाले.

"मग सगळे एकाच आईच्या पोटचे असतील."

त्यांनी हेडसेट स्वतःच्या डोक्यावर चढवला, डोळे मिटले, जरा डोलले. "मला दोन्हीकडून येतंय."

"तुम्ही विकणारे. तुम्हाला यायलाच पाहिजे."

"राग मानू नका, एकदा उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर."

"मी शर्टसुद्धा उलटा घालत नाही."

"बरं. शर्टात दोष निघाला तर तोही बदलून देतो."

दुकानात दोन गिऱ्हाइके होती, दोघेही हसले. मी हेडसेट उचलून बाहेर पडलो. बदलून दिला नाही, मीही मागितला नाही. शनिवारवाड्याच्या भिंतीशी जरा उभा राहिलो. आमच्या वर्गात डाव्या रांगेत एक मुलगा होता, रोज उशिरा यायचा आणि बाकावर बसायच्या आधीच "कोण येते" सुरू करायचा. त्याचे नाव आठवेना. आवाज मात्र लख्ख आठवला. शेजारून एक मोटारसायकल इतकी जवळून गेली की शर्ट हलला. भोंगा वाजवायची रीतच राहिली नाही.


३० ऑक्टोबर

आज जे झाले ते लिहून ठेवतो.

दुपारी यमुनाने हेडसेट पुसून टेबलावर ठेवला होता. मी उचलून तसाच डोक्यावर चढवला. तोंडासमोर येणारी माइकची काडी उजवीकडे आली होती, मी ती वळवून घेतली. यमुनाला डावे-उजवे काय कळणार, म्हटले. सरावासाठी बुरूज लावला.

आणि पावले आली. गवत तुडवत, दगडावर, मग पायरीवर. एवढी स्पष्ट की मी मागे पाहिले. पडद्यावर शत्रू डावीकडून चढत होता. महिनाभरात पहिल्यांदा मी त्याला वेळेत गाठले. मोठ्याने ओरडलो, "चालली! डावी वाटी चालली!"

यमुना दारात आली.

मग दुसरा आला, उजवीकडून. तो मला ऐकूच आला नाही.

हेडसेट काढून पाहिला. डावीकडची म्हणून खूण केलेली वाटी माझ्या उजव्या कानावर होती आणि ठणठणीत होती. उजवीची डाव्या कानावर गेली होती आणि आता तीच मेली होती. सरळ घातला. परत उलटा. परत सरळ.

वाट्या दोन्ही चांगल्या आहेत.


३१ ऑक्टोबर

आज काही लिहायचे नाही.


१ नोव्हेंबर

काल जेवलो, पेपर वाचला, खाली जाऊन दूध आणले. कोणाला काही दिसले नसेल. आत मात्र सारखा एक वर्ग भरत होता, आणि त्यात डावीकडचे बाक रिकामे होते.

आज चहा घेताना यमुनाला विचारले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कशाचं?"

"यमुना."

तिने बशी खाली ठेवली. "मागच्याच्या मागच्या पावसाळ्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. डावीकडून."

ती पदरात तोंड लपवून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"अजून काय काय सांगितलंस डावीकडून?"

"ते आता कशाला? दोन वर्षं मजेत गेली माझी. तुमच्या भावाबद्दल, तुमच्या त्या इस्त्री न केलेल्या शर्टाबद्दल, सगळं बोलून घेतलं. एकदासुद्धा भांडण नाही."

"आणि तो हेडसेट तू मुद्दाम उलटा ठेवलास."

"मला काय डावं-उजवं कळतं?"

मी चिडलो. म्हटले, हे फसवणे आहे. त्यावर तिची वर्धेकडची बोली बाहेर आली. "काऊन फसवणं? डॉक्टरचं नाव काढलं की घर डोक्यावर घेता! पोरीनं सांगितलं, दुकानदारानं सांगितलं, तुमच्या कानात शिरलं का? ज्या कानात शिरतं त्या कानातसुद्धा शिरलं नाही!"

खरे आहे. पण एक गोष्ट लिहून ठेवतो, मी यंत्राला दोष दिला म्हणून मला लाज वाटत नाही. उजव्या कानाने मला कधी सांगितले नाही की शेजारी मेला आहे. तो बिचारा एकटाच दोघांचे काम करत होता.

आता उद्या रविवार. प्रियदर्शनीला कळले की स्पर्धा गेली. न सांगता खेळलो तरी बुरूज पडणार आणि स्पर्धा जाणारच. मी न लपवता हरेन. किंवा न लपवता जिंकेन. बाकी काही नाही.


२ नोव्हेंबर, रविवार

बुरुजावर गेल्याबरोबर सांगून टाकले. "मैत्री, माझी डावी रांग गेली आहे. एका कानाने ऐकू येत नाही. वाट्या चांगल्या होत्या, मीच बिघडलेला. तुला स्पेअर आजोबा हवे असतील तर आत्ताच सांग."

मग ती म्हणाली, "आबा, त्यांना रो येत नाहीत. कविता पण नाही. आणि ते मला बोलूच देत नाहीत. सारखं कॉन्सन्ट्रेट, कॉन्सन्ट्रेट."

म्हणजे तिने त्यांच्याबरोबर खेळून पाहिले होते! मला राग आला नाही. आला, पण शेवटचे वाक्य ऐकून गेला.

"मग काय करायचं?"

"आबा, सेटिंगमध्ये मोनो असतं. ते ऑन केलं की दोन्ही साइडचे आवाज एकाच कानात येतात. तिन्ही कन्सोलवर आहे. मी शोधून ठेवलं होतं."

कधी शोधून ठेवलेस, हे विचारायचे राहून गेले.

मागून प्रियदर्शनी. "बाबा, मग डॉक्टर?"

"नऊ तारखेनंतर. पहारा सोडून जाणार नाही."

"आणि मशीन लावायला सांगितलं तर?"

"तर डॉक्टरांना विचारीन, त्याला डोंगल लागतो का. प्रियदर्शनी, मी नाही म्हणत नाही. मी आधी बुरूज म्हणतो."

ती म्हणाली, "ठीक आहे. नऊ तारखेपर्यंत." आवाज जरा ओला वाटला, पण माझ्या कानाचा आता काय भरवसा.

मग मैत्रीने झोपेचे सांगितले. हल्ली लागते आहे म्हणे.


६ नोव्हेंबर

मोनो लावून सराव. मोटारी आणि होड्यांना उत्तम. बुरुजावर गोची आहे. सगळे आवाज येतात, पण सगळे एकाच ठिकाणाहून. शत्रू आला हे कळते, कुठून ते कळत नाही. आमच्या वर्गात दोन्ही रांगांनी एकदम म्हटले असते तर गुरुजींनी छडी आपटली असती.

तिसऱ्या फेरीत मैत्री पलीकडच्या, माझ्या उजवीकडच्या बुरुजावर असणार, तिला माझी डावी बाजू दिसणार नाही. बघू. पडला तर लढून पडेल.

फेऱ्यांच्या मध्ये डोंगल एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालायचा आहे. यमुनाने त्याला लाल लोकरीचा गोंडा बांधला आहे, स्वेटरमधून उरलेल्या लोकरीचा. "हरवला तर तुम्ही वेगळे आणि यंत्र वेगळं," म्हणाली.


९ नोव्हेंबर, रविवार

आजचे आजच लिहून टाकतो.

त्यांची घड्याळे मागे गेल्यामुळे सामना थोडा उशिरा सुरू झाला. तेवढ्यात यमुनाने पोहे केले आणि मी ते खाल्ले नाहीत. आवाज जुळवले गेले, सगळ्या जोड्यांनी आपापली नावे सांगितली. मी म्हटले, नागोराव, पुणे. स्पेअर आजोबांना शेवटी तनुजानेच आपल्या जोडीला घेतले होते. ते भारदस्त निघाले, आवाजावरून उंच असावेत.

होड्यांत आम्ही शेवटून दुसरे आलो. वल्ही मी उलटी मारत होतो.

मोटारी लावल्या आणि हेडसेट मुका. बटण दाबले, टुण् झाले, तरी मुका. सगळ्यांच्या गाड्या निघाल्या. "डोंगल!" यमुना म्हणाली, गोंडा धरून तो स्विचच्या स्टँडमधून उपसला, कळ सरकवली आणि एक्सबॉक्समध्ये खुपसला. ही बाई रोज धूळ पुसताना काय काय शिकत होती कोणास ठाऊक! मी शेवटून निघालो आणि मधल्या नंबरावर पोहोचलो. एका आजीबाईंची गाडी मी जवळजवळ खड्ड्यात ढकलली. नंतर माफी मागितली.

मग बुरूज. तीन हल्ले होणार होते. मी मोनोवर.

पहिल्या हल्ल्यात सगळीकडून पावले. उजवीकडे वळलो, शत्रू डावीकडे. डावीकडे वळलो तर उजवीकडे. निम्मी तटबंदी गेली. पलीकडून मैत्री, "आबा, होल्ड! प्लीज होल्ड!" मागून कोणीतरी इंग्रजीत म्हणाले की वयाच्या मानाने छान खेळतात.

वयाच्या मानाने!

दोन हल्ल्यांच्या मध्ये थोडी उसंत असते. यमुना माझ्या उजवीकडची खुर्ची सोडून उठली आणि डावीकडे, खिडकीशी, तिच्या जुन्या जागेवर येऊन बसली. "काढा ते मोनो," ती म्हणाली. हे तिने माझा चेहरा स्वतःकडे वळवून सांगितले, म्हणून कळले. मग तिने हेडसेटची डावी वाटी माझ्या कानावरून ओढली, बाहेर वळवली आणि स्वतःच्या उजव्या कानाला लावली. पट्टी दोन डोक्यांना पुरेना. तिने डोके माझ्या डोक्याला टेकवले. खोबरेल तेलाचा वास आला.

मी मोनो बंद केले. एकाच हेडसेटात आम्ही दोघे. तिच्याकडे डावी वाटी, माझ्याकडे उजवी.

दुसरा हल्ला. मला काहीच ऐकू आले नाही. पण डाव्या दंडाला असा चिमटा बसला की मी किंचाळत वळलो. शत्रू पायरीवर होता. गेला. मग माझ्या बाजूने पावले, मी वळलो, तोही गेला. परत चिमटा.

"चिमटे नकोत! बोल!"

"बोलले तर ऐकू येतं का तुम्हाला!" ती माझ्या नाकासमोर तोंड आणून ओरडली.

"माइकमध्ये बोल! माइकमधलं मैत्रीला जातं, मैत्री मला सांगेल!"

तिने वाकून माइकची काडी आपल्या तोंडाकडे ओढली. आणि काय बोलावे हे तिला सुचेना. मग एकदम सुचले. पंचेचाळीस वर्षे माझ्याकडून ऐकलेले तिने शाळकरी चालीत सुरू केले. "कोण येते डोंगरातुन?" टोरांटोहून मैत्रीने ते उचलले आणि माझ्या चांगल्या कानात ओतले. म्हणजे डावीकडून! मी वळत होतो आणि ओरडत होतो, "मीच येतो, वारा!"

तिसरा हल्ला सगळ्यात मोठा. मैत्रीचा बुरूज पडला, तरी तिने म्हणणे सोडले नाही. "कोण येते!" यमुना. "कोण येते!" मैत्री. "वारा! वारा!" मी. मधेच स्पेअर आजोबांनी इंग्रजीत विचारले की हा लष्करी संकेत आहे काय. मैत्री म्हणाली, "नो सर. ही आमची रो आहे."

भोंगा वाजला. धुके निवळले. आमचा बुरूज उभा होता.

एकूण निकालात आम्ही पाचवे. पहिले स्पेअर आजोबा आणि तनुजा. कप त्यांच्याकडे जाईल, त्यांनी तो पुसत बसावा. तिसऱ्या फेरीत शेवटपर्यंत उभा राहिलेला बुरूज एकच, आणि तो नारायण पेठेतला होता.

मैत्री रडत होती की हसत होती, समजले नाही. "आजी, तू पुढच्या रविवारी पण येशील?"

"मला काय कामं नाहीत का," यमुना म्हणाली, आणि वाटी कानावरून काढली नाही.

प्रियदर्शनीने नवी वेळ घेतली आहे, मंगळवारची. जाणार आहे. कानात काय घालायचे आणि काय नाही हे डॉक्टरांचे ऐकून मी ठरवीन. डॉक्टरांनी यंत्र दिले तर रविवारी सकाळी ते काढून ठेवावे लागेल, डावी वाटी यमुनाची आहे. आणि बुधवारी कसब्यात जाऊन उत्तरेश्वरांना सांगायचे आहे की त्यांचा माल चांगला आहे. ते पाटीकडे बोट दाखवतील. दाखवू देत. मी दुकानात उभा राहून चारही ओळी म्हणणार आहे.

आता संध्याकाळ झाली. यमुना अजून खिडकीशी, माझ्या डावीकडेच बसली आहे. आत्ता काहीतरी म्हणाली. ओठ हललेले दिसले. काय म्हणाली ते विचारले नाही. उजव्या रांगेला एकच उत्तर पाठ आहे, ते दिले.

ती हसली. म्हणजे बरोबर असावे.